पागेतील चित्रवर्ग : हिवाळी नोंदी

२३ नोव्हेंबर

युवक मंडळाच्या चित्रकला गटाचे काम या हिवाळ्यापुरते पागेत हलवले आहे. गटात अकरा ते सतरा वर्षांची मुले-मुली आहेत. मोठ्यांनी लहानांना शिकवायचे, अशी मंडळाची पद्धत असल्यामुळे प्रत्येक मोठ्याकडे दोन लहान सोपवले आहेत. पागेत तीन जनावरे आहेत : एक वयस्क पांढरी घोडी, एक कुमैत (तांबूस-तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) घोडा आणि एक अबलख (पांढरे आणि गडद पट्टे असलेले) तट्टू. आधी लीद काढणे, गवत, पाणी आणि खरारा; हे आटोपल्यावरच कागद हातात घ्यायचा, असा क्रम ठरवला आहे. मुले चित्रकला शिकायला येतात, तबेला झाडायला नव्हे, असे काही पालकांनी बोलून दाखवले. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे असले तरी मला ते पटत नाही. ज्या बरगड्यांवरून आणि पुठ्ठ्यांवरून (पाठीमागच्या मांसल भागावरून) मुलांनी बराच वेळ खरारा फिरवला आहे, त्यांची गोलाई हाताला आधी कळलेली असते, आणि कागदावर ती उतरवताना डोळा चुकला तरी हात सहसा चुकत नाही.

आजचा वर्ग नियम सांगण्यातच गेला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. मात्र कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेच्या टापूत येत नाही. म्हणून जवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने आणि बोलत बोलत. त्याच्या पायांशी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसायचे नाही, मोहरकीची (तोंडावरच्या पट्ट्याची) दोरी हाताला गुंडाळायची नाही, हेल्मेट आणि बंद बूट घातल्याशिवाय आत यायचे नाही, आणि चित्र काढायचे ते कठड्याच्या बाहेरून. मुलांसोबत कायम दोन प्रौढ असतील, आणि पालकांनी लेखी संमती दिल्याखेरीज कोणाचेही छायाचित्र घेतले जाणार नाही.

३० नोव्हेंबर

पहिल्या चित्रांचा गठ्ठा सावकाश पाहिला. जवळजवळ प्रत्येकाने घोड्याचे मागचे पाय माणसाच्या पायांसारखे काढले आहेत, म्हणजे मध्यावर गुडघा आणि तो पुढच्या बाजूला वाकलेला. समोर घोडा उभा असूनही असे होते, कारण पाय कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटते, आणि जे ठाऊक आहे ते पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आजचा वर्ग त्यामुळे पूर्णपणे पायांवर घेतला.

घोड्याच्या पुढच्या पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो, त्याला आपण सवयीने गुडघा म्हणतो, पण हाडांच्या हिशेबाने ते मनगट आहे. मागच्या पायाच्या मध्यावर मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो, तो घोटा असून ते टोक म्हणजे टाच आहे. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाच्या कडेला, कातडीखाली असतो. प्रत्येक पायाचे एकच बोट जमिनीला टेकते आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. मुलांना टेबलावर दोन्ही हातांची मधली बोटे टेकवून आणि चवडे उचलून अंगठ्यांवर तोल सावरून उभे राहायला सांगितले. हसण्या-खिदळण्यात दहा मिनिटे गेली, पण त्यानंतर मनगट कुठे आणि टाच कुठे हे कोणालाही दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

घोड्याला गळपट्टीचे हाड नसते, ही गोष्टही चित्रकाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याचे पुढचे पाय हाडाच्या सांध्याने धडाला जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत छाती टांगलेली असते, त्यामुळे मान खाली गेली की खांद्याचे पाते सरकते आणि सारी बाह्यरेषा बदलते. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स याने १७५०च्या दशकात अनेक महिने मृत घोड्यांचे विच्छेदन करून एकेक थर रेखाटला आणि त्यावरून केलेल्या कोरीव चित्रांचा संच १७६६ साली प्रसिद्ध केला. त्याचे काही छापील नमुने मुलांना दाखवले. बारा वर्षांच्या एका मुलीने ते बघून विचारले, की त्याला वास सहन कसा झाला. प्रश्न रास्त होता.

प्रमाणासाठी एकच ठोकताळा दिला : छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी आणि पाठीच्या सुरुवातीला असलेल्या उंचवट्यापर्यंतची उंची साधारण सारखी भरते, म्हणून घोडा चौरसात बसतो. कुमैत बसला, अबलख तट्टू बसले नाही, कारण त्याचे पाय आखूड आणि अंग भरलेले आहे. ठोकताळा आणि समोरचे जनावर यांत फरक पडला तर जनावर खरे, हे सांगण्यासाठी तट्टू फारच सोयीचे पडले.

७ डिसेंबर

रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी हौदावर बर्फाचा जाड पापुद्रा होता. घोडा हिवाळ्यात कमी पाणी पितो यात मुलांना काही वावगे वाटले नाही, म्हणून त्यामागचा हिशेब समजावून सांगावा लागला. सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याला एरवी दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. हिरव्या चाऱ्यातून त्याला बरेच पाणी आपोआप मिळते. वाळलेल्या गवतात मात्र जेमतेम १०-१५ टक्के ओल असते. म्हणजे ज्या ऋतूत चारा कोरडा असतो, त्याच ऋतूत गारठलेल्या पाण्याला घोडा तोंड लावत नाही, आणि मग आतड्यात चारा कोरडा होऊन अडकतो. पोटशूळ हा घोड्याच्या बाबतीत किरकोळ आजार नव्हे. तो जिवावर बेततो. कोमट पाणी घोडे थंड पाण्यापेक्षा जास्त पितात, असा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात, म्हणून आजपासून सकाळ-संध्याकाळ बादल्यांमध्ये गरम पाणी मिसळायचे आणि किती प्यायले ते तक्त्यावर लिहायचे. अंदाजाने लिहायचे नाही. बादलीच्या आतल्या बाजूला खुणा केल्या आहेत.

१४ डिसेंबर

मार्गदर्शक मुलांविषयी आज सविस्तर लिहिणे भाग आहे. सोळा वर्षांच्या एका मुलीचा हात उत्तम आहे. तिने आपल्याकडच्या लहान मुलाचे चित्र बिघडते आहे असे पाहून खोडरबर घेतले आणि घोड्याची मान स्वतः दुरुस्त करून दिली. मान सुरेख झाली, परंतु त्या मुलाने पुढे त्या कागदाला हातही लावला नाही. ‘आता हे ताईचं झालं,’ एवढेच तो म्हणाला. चांगले चित्र काढणाऱ्याला शिकवता येतेच असे नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण मागूनही मिळाले नसते. ती मुलगी समंजस असल्याने तिला वेगळे सांगावे लागले नाही; तिनेच वर्गानंतर नियम सुचवला, की दुसऱ्याच्या कागदावर कोणीही रेघ ओढू नये आणि काही दाखवायचेच असेल तर स्वतःच्या वहीत दाखवावे.

त्या नियमाला जोडून आणखी एक पद्धत सुरू केली आहे. जे प्रत्यक्ष दिसले ते सलग रेघेने काढायचे आणि जे दिसले नाही, पण असेल असे वाटते, ते ठिपक्यांच्या रेघेने. गवताआड गेलेला खूर, पलीकडच्या बाजूचा कान, आयाळीखालची मानेची कडा ही सगळी ठिपक्यांची जागा. मार्गदर्शकाने चित्र चांगले किंवा वाईट म्हणायचे नाही. फक्त एखाद्या सलग रेघेवर बोट ठेवून ‘हे तू पाहिलेस का?’ असे विचारायचे. मूल ‘हो’ म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवायचा, ‘बहुतेक’ म्हणाले तर त्याला पुन्हा कठड्यापाशी पाठवायचे. मोठ्या मुलांना ही पद्धत प्रथम पोरकट वाटली. त्यांच्याच चित्रांत ठिपके जास्त निघाले, तेव्हा कुरबूर थांबली.

१८ डिसेंबर

थंडीत जलरंग निरुपयोगी ठरतात : पाणी कागदावरच गोठू पाहते आणि रंग वाळत नाही. ग्रॅफाइटची पेन्सिल चालते, पण गारठलेल्या बोटांना ती धरवत नाही. कोळसा जाड असल्यामुळे हातमोजे घालूनही धरता येतो, म्हणून तो आम्हीच तयार केला. विलोच्या करंगळीएवढ्या काटक्या सोलून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाटीवाटीने भरल्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले आणि डबा निखाऱ्यांत ठेवला. हे सारे गवताच्या गंजीपासून लांब, उघड्या मैदानात, आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. भोकातून आधी पांढरी वाफ येते, नंतर जळणारा वायू. ते बंद झाले की कोळसा झाला असे समजायचे. डबा पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही, कारण गरम कोळशाला हवा मिळाली तर तो पेट घेतो आणि हाती राख उरते. वाट पाहणे हाच या कृतीतला सर्वांत अवघड भाग आहे, असे मुलांचे मत पडले.

आजची तारीख मुद्दाम निवडली. १८ डिसेंबर १९९४ रोजी फ्रान्समधील आर्देश नदीच्या खोऱ्यात शोव्हे गुहा सापडली. तिथल्या भिंतीवर कोळशाने काढलेली, एकामागे एक सरकवलेली चार घोड्यांची डोकी आहेत आणि त्यांचे वय तीस हजार वर्षांहून अधिक मानले जाते. काढणाऱ्याने आधी भिंत खरवडून पांढरी केली आणि मग गालाच्या छटेसाठी कोळसा पसरवला. छपाईतील चित्र कठड्याला टांगून मुलांनी त्याच पद्धतीने पांढऱ्या घोडीचे डोके काढले. घोडीला हा खटाटोप मुळीच रुचला नाही. ती बराच वेळ पाठ फिरवून उभी राहिली, आणि काहींनी निमूटपणे तिचा पुठ्ठा काढला.

२२ डिसेंबर

वर्षातील सर्वांत लहान दिवस नुकताच होऊन गेला. हिवाळी केस थंडीमुळे वाढतात असा सर्वांचा समज होता. मुख्यतः ते दिवसाच्या लांबीवर ठरते. उन्हाळ्याच्या मध्यापासून दिवस लहान होऊ लागले की शरीराची तयारी सुरू होते आणि आतापासून उलट दिशेने. दाट केसांमुळे दिसणारा गुबगुबीतपणा मात्र फसवा असतो. वयस्क घोडी डोळ्यांना भरलेली वाटते, पण बरगड्यांवर बोटे दाबून पाहिली असता तिचे वजन उतरल्याचे कळले. पशुवैद्यांशी बोलून तिचे गवत वाढवले आहे. दाण्याऐवजी गवत का, असे एका मुलाने विचारले. तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते, म्हणून थंडीत गवत हीच घोड्याची शेगडी ठरते. झूल फक्त तिलाच घातली आहे. बाकी दोघांचे केस कोरडे असताना त्यांना तिची गरज नाही. झुलीखाली केस दबतात आणि त्यांच्यात अडकणारी उबदार हवा निघून जाते.

२८ डिसेंबर

घोड्यांना गारठा लागेल या मायेने कोणीतरी पागेच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. सकाळी आत शिरताच डोळे चुरचुरले. मुतामधून सुटणारा अमोनिया बंद जागेत साठतो आणि घोड्याच्या श्वसनमार्गाला त्याचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो. थेट झोत अंगावर येणार नाही अशा वरच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या राहतील.

४ जानेवारी

भरपूर बर्फ पडले. बर्फावर उभी असलेली पांढरी घोडी रंगवणे हा आजचा धडा, आणि तो ठरवून मिळण्यासारखा नव्हता. सर्वांनी तिच्यासाठी कागद कोरा सोडला आणि भोवती आकाश रंगवले. मग पांढऱ्या कागदाचा तुकडा हात लांब करून तिच्या आणि बर्फाच्या मध्ये धरायला सांगितले. घोडी पिवळट निघाली, तिच्या पोटाखालची सावली निळसर, नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती काळपट करडी. असा घोडा जन्मतः गडद रंगाचा असतो आणि वर्षागणिक त्याचे केस पांढरे होत जातात. केसांखालची कातडी काळीच राहते, म्हणून जिथे केस विरळ तिथे ती डोकावते. खडूंच्या पेटीतील पांढरा खडू आज कोणीही वापरला नाही.

खुरांच्या तळाशी बर्फ दबून गोळे झाले होते आणि कुमैत उंच टाचांवर चालल्यासारखा अडखळत होता. मोठ्या मुलांनी प्रौढांच्या देखरेखीखाली ते काढले.

११ जानेवारी

मैदानात कुमैताला मोकळे सोडल्यावर तो चौखूर सुटला आणि मुलांनी धावता घोडा काढण्याचा हट्ट धरला. चित्रे अपेक्षेप्रमाणे आली : पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे, घोडा हवेत ताणलेला. मोठमोठ्या चित्रकारांनीही शतकानुशतके असेच काढले आहे. थिओदोर जेरिको याच्या १८२१ सालच्या एप्समच्या शर्यतीच्या चित्रातील सारे घोडे याच आवेशात आहेत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडून घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा स्पष्ट झाले की चौखूर धावताना चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना.

इथे वर्गात चांगलाच वाद झाला. चौदा वर्षांच्या एका मुलाचे म्हणणे असे, की जेरिकोचे घोडे खोटे असले तरी तेच अधिक वेगवान दिसतात, आणि छायाचित्रातील घोडा अडखळल्यासारखा वाटतो. मला त्याचे म्हणणे बरोबर वाटते. डोळा वेग पाहतो, पायांची जागा पाहत नाही. मात्र ठिपक्यांच्या नियमानुसार जेरिकोला ते पाय ठिपक्यांनीच काढावे लागले असते, असे त्या मुलाच्या मार्गदर्शक ताईने सुनावले, आणि त्यावर त्यालाही हसू आवरले नाही.

त्यानंतर कदमचाल आणि दुडकी डोळे मिटून ऐकायला लावली. चालताना टापांचे चार सुटे ठोके पडतात. दुडकीत समोरासमोरच्या कोनांतील पाय जोडीने पडत असल्याने दोनच. ठोके मोजता येऊ लागल्यावर पाय काढणे बरेच सोपे झाले.

१८ जानेवारी

गेल्या आठवड्यात पाळीच्या मुलांनी रोज प्रत्येक जनावराचे पाच मिनिटांचे उभे रेखाटन केले होते. आज ती रेखाटने तारखेनुसार दोरीवर लावली, तेव्हा चौदा वर्षांच्याच एका मार्गदर्शक मुलीने मला बाजूला बोलावले. वेगवेगळ्या मुलांनी वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या अबलख तट्टूच्या चित्रांमध्ये उजवा पुढचा पाय इतर पायांच्या पुढे ठेवलेला होता. चित्र बेढब दिसू नये म्हणून पाय सरळ करण्याचा मोह मुलांना सहज झाला असता, पण तो सगळीकडे सलग रेघेने काढलेला होता. तिने त्या प्रत्येक मुलाला विचारून खात्री केली होती.

मागचा एखादा पाय सैल सोडून घोडा आलटून पालटून विसावतो, आणि ते पूर्णपणे स्वाभाविक आहे. नोव्हेंबरात याच गोष्टीने घाबरलेल्या मुलांची समजूत घातली होती. पुढचा एकच पाय सतत पुढे टेकवून त्यावरचा भार कमी करणे ही मात्र दुखण्याची खूण असते. तट्टू मऊ जमिनीवर जवळजवळ नीट चालत होते, पण फरशीवर वळवताच लंगडले. त्या खुराला हात लावला तर तो इतरांपेक्षा कोमट लागला आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी जोरात लागत होती. संध्याकाळी पशुवैद्य आणि नालबंद दोघेही आले. नालबंदाने चिमट्याने तळवा दाबत नेला. एका जागी तट्टूने पाय ओढून घेतला. तिथे थोडे कोरल्यावर करडा पू बाहेर आला. ओल आणि गोठण यांच्या चक्राने तळव्याला बारीक भेग पडते आणि तिथून घाण आत शिरते, असे पशुवैद्यांनी सांगितले. शेकपट्टी बांधली आणि धनुर्वाताची लस घेतल्याची तारीख तपासून घेतली.

२५ जानेवारी

तट्टू बरे आहे. पट्टी अजून बदलावी लागते. मुलांनी पट्टी बांधलेला खूर काढला, आणि पट्टीच्या आतला भाग अर्थातच ठिपक्यांनी.

१ फेब्रुवारी

मंडळाने चित्रांचे प्रदर्शन भरवून बक्षिसे द्यावीत, अशी सूचना आली आहे. प्रदर्शनाला माझी हरकत नाही, बक्षिसांना आहे. क्रमांक लागणार म्हटले की पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांच्या रेघा सलग होतील. त्याऐवजी प्रत्येक जनावराची चित्रे तारखेप्रमाणे एका ओळीत लावावीत, खाली पाण्याचा तक्ता आणि गवताची नोंद असावी, आणि काढणाऱ्यांची नावे चित्रामागे असावीत, असे सुचवले आहे. मार्गदर्शक मुलांपैकी दोघांना बक्षिसे हवी आहेत व त्यांनी आपली बाजू चांगली मांडली. निर्णय मंडळाच्या बैठकीत होईल.

१५ फेब्रुवारी

दिवस वाढले तसे केस गळू लागले आहेत आणि खराऱ्याला पुंजकेच्या पुंजके येतात. शेपटीतून गळालेले लांब केस वेगळे काढून, मुळांकडून दोऱ्याने घट्ट आवळून, बांबूच्या नळीत बसवून कुंचले केले. हे केस राठ असल्याने शाईची कोरडी, फाटलेली रेघ छान उठते. आयाळीसाठी ती उत्तम, डोळ्यासाठी निकामी.

प्रदर्शन बक्षिसांशिवाय होणार आहे. डिसेंबरात ज्याच्या कागदावर ताईने मान काढली होती, त्या मुलाने नव्याने आलेल्या दोन मुलांना काल स्वतःहून ठिपक्यांची पद्धत समजावून दिली, म्हणून वयाची अट सैल करून ती दोघे त्याच्याकडेच सोपवली आहेत. नालबंदाची पुढची फेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. कामाला हात घालण्याआधी चारही खुरांची चित्रे पाहायला मिळावीत, असे त्याने कळवले आहे. त्यामुळे पुढचे वर्ग खुरांवर घेतले जातील आणि पाय उचलून धरण्याचे काम प्रौढच करतील.